मेंदूचा चित्रकार : सान्तियागो रामोन इ काहाल

मनुष्याचा मेंदू मधोमध कापून पाहिला असता त्यात दोन रंगांचे भाग उघड दिसतात. बाहेरच्या बाजूस दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, असंख्य घड्या पडलेला करडा थर असतो आणि त्याच्या आत पांढऱ्या द्रव्याचा मोठा गाभा असतो. पाठीच्या कण्यातून उतरणाऱ्या मेरुरज्जूत ही मांडणी नेमकी उलट होते. तेथे पांढरे द्रव्य बाहेर असते व करडे आत, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराचे. जिवंतपणी या करड्या थरावर रक्ताची गुलाबी झाक असते. आपण ज्याला करडा म्हणतो तो रंग बव्हंशी बरणीत जतन केलेल्या मेंदूचा होय. हे दोन रंग शरीररचनाशास्त्रज्ञांना शतकानुशतके ठाऊक होते. परंतु त्या करड्या थरात नेमके काय भरले आहे, हे मात्र एकोणिसावे शतक सरत आले तरी कोणास निश्चित सांगता येत नव्हते. ते ज्यांनी सांगितले, त्या सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञांची ओळख करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम त्यांच्या नावाविषयी. स्पेनमध्ये वडिलांचे आडनाव आधी व आईचे नंतर लावण्याची चाल आहे आणि मधल्या 'इ' या अक्षराचा अर्थ 'आणि' एवढाच. म्हणजे रामोन हे वडिलांकडचे व काहाल हे आईकडचे आडनाव. पोर्तुगीज रीतीत आईचे आडनाव आधी येते, त्यामुळे आमच्या गोव्यातील वाचकांची येथे गल्लत होण्याचा संभव आहे. विज्ञानाच्या ग्रंथांत मात्र ते बहुधा आईच्याच आडनावाने ओळखले जातात व आम्हीही तेच वापरू.

१ मे १८५२ रोजी पेतिल्या दे आरागोन या डोंगरी खेड्यात सान्तियागोचा जन्म झाला. वडील हुस्तो रामोन हे गावोगावी नोकरी करणारे शस्त्रवैद्य होते. गरिबीतून स्वकष्टाने वर आलेला, करारी, काटकसरी असा हा गृहस्थ. मुलाने वैद्य व्हावे यापलीकडे त्यांची दुसरी इच्छा नव्हती, आणि मुलाला चित्रांखेरीज दुसरे काही सुचत नव्हते. भिंत, दार, वहीचा कोपरा, जे सापडेल त्यावर तो चित्रे काढी. रंग विकत मिळत नसत तेव्हा रंगीत कागद भिजवून त्यांतून रंग काढी. ही विद्या पोट भरणारी नव्हे, असे वडिलांचे ठाम मत होते. तरीही अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी एकदा जाणत्याचा अभिप्राय घ्यायचे ठरविले. आयेर्बे या गावच्या चर्चच्या भिंती रंगविण्यास एक फिरता रंगारी आला होता. त्याच्यापुढे सान्तियागोने काढलेले एका संताचे चित्र ठेवण्यात आले. त्याने ते पाहून हा मुलगा कधीही चित्रकार होणार नाही, असा निकाल दिला. भिंतीस चुना लावणाऱ्याकडून चित्रकलेचा निवाडा घ्यावा, हा प्रकार हसण्याजोगा खराच. पण त्या घरात त्या दिवसापासून कागद व पेन्सिल यांवर जवळजवळ बंदी आली.

शाळेतही त्याचे दिवस सुखाचे नव्हते. पाठांतरावर चालणाऱ्या व छडीवर विसंबणाऱ्या त्या शाळांत तो मठ्ठ व उनाड ठरला. आयेर्बेच्या शाळेत शिक्षा म्हणून मुलांना एका अंधाऱ्या खोलीत कोंडीत असत. एके दिवशी तेथे बसला असता बंद खिडकीच्या बारीक छिद्रातून आलेल्या प्रकाशाने छतावर बाहेरच्या रस्त्याचे उलटे चित्र उमटलेले त्याला दिसले; माणसे, गाढवे, गाड्या सारे पाय वर करून चाललेले! प्रकाशाचा हा नियम पुस्तकांत पूर्वीपासून होता, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. त्याने तो स्वतः शोधून काढला, एवढे खरे, आणि पुढे आयुष्यभर छायाचित्रणाचा छंद बाळगला. त्याच्या इतर खोड्या याहून महाग पडल्या. सुमारे अकराव्या वर्षी त्याने लाकडाची तोफ बनवून शेजाऱ्याचे फाटक उडविले व त्यापायी काही दिवस गावच्या कोठडीत काढले. वडिलांनी संतापून त्याला कधी न्हाव्याच्या, तर कधी चांभाराच्या हाताखाली कामास ठेवले. चांभारकामात तो चांगलाच तरबेज झाला, असे सांगतात. आम्हास त्यात नवल वाटत नाही. हातात कसब होतेच, त्याला काम हवे होते.

१८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनी निराळा उपाय योजिला. ते सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन चांदण्या रात्री जुन्या स्मशानाची भिंत ओलांडून आत गेले आणि उघड्यावर पडलेली माणसांची हाडे गोळा करून दोघांनी घरी आणली. शरीररचनाशास्त्राचा अभ्यास पुस्तकावरून नव्हे, हाडे हातात घेऊन करावयाचा, असा वडिलांचा आग्रह होता. मुलाला ती हाडे पाहताच एकच सुचले. त्याने ती चितारण्यास आरंभ केला. प्रत्येक खाच, प्रत्येक छिद्र, जेथे स्नायू चिकटतो तो प्रत्येक खडबडीत भाग त्याच्या कागदावर उतरू लागला. ज्या चित्रकलेवर वडिलांनी बंदी घातली होती तीच आता त्यांच्या विद्येची दासी झाली आणि पितापुत्रांतले वैर येथे संपले. पुढे सारागोसा येथे वडील शवविच्छेदन शिकवू लागले तेव्हा मुलाच्या चित्रांचा मोठा संग्रह छापण्याचे त्यांच्या मनात होते. तशी छपाई तेथे साधण्यासारखी नसल्याने तो बेत राहून गेला.

१८७३ मध्ये सारागोसातून वैद्यकाची पदवी घेतल्यावर काहाल सैन्यात वैद्यकीय अधिकारी झाले. त्या वेळी क्यूबा ही स्पेनची वसाहत होती व तेथे बंड चालू होते. दलदलीतील लष्करी इस्पितळात त्यांची नेमणूक झाली, हिवतापाने शरीर पोखरले आणि १८७५ मध्ये ते सांगाड्यासारखे होऊन परतले. त्या नोकरीची शिल्लक म्हणून जे पैसे हाती राहिले, त्यांतून त्यांनी स्वतःसाठी एक सूक्ष्मदर्शक घेतला. माद्रिदला डॉक्टरेटच्या परीक्षेस गेले असता तेथे त्यांनी प्रथमच शरीरातील ऊतींचे नमुने चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते व तेव्हापासून त्यांना दुसरे काही रुचत नव्हते. मध्यंतरी क्षयाचे दुखणे आले, तेही निभावले. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तुटपुंज्या मिळकतीत सात मुलांचा संसार आणि पतीच्या काचपट्ट्या, रसायने व छपाईची बिले हे सर्व त्या बाईंनी सांभाळले. त्याविना पुढचा इतिहास घडला असता असे आम्हास वाटत नाही.

१८८४ च्या आरंभी ते व्हॅलेन्सिया येथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. दुसऱ्याच वर्षी तेथे पटकीची मोठी साथ आली. त्या रोगाविषयी त्यांनी केलेल्या अभ्यासाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्यांना झाइस या जर्मन कारखान्याचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. आता त्यांची साधने युरोपातील इतरांच्या तोडीची झाली.

येथे कथा थांबवून करड्या द्रव्याचे कोडे काय होते ते सांगितले पाहिजे. सर्व सजीव पेशींचे बनलेले आहेत, हे तोपर्यंत मान्य झाले होते. करड्या भागात मोठ्या संख्येने पेशी असून त्यांना फाटे फुटलेले असतात, हेही दिसत होते. परंतु ते फाटे इतके बारीक व इतके दाट गुंतलेले की एक कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो ते कळेना. त्यामुळे बहुतेक विद्वानांनी असा तर्क केला की ते कोठे संपतच नाहीत. सारे एकमेकांत मिसळून एकच अखंड जाळे होते व विचार, स्मृती, वेदना ही त्या संपूर्ण जाळ्याची कामे होत. तसे नसावे, पेशी निरनिराळ्या असाव्यात, असे हिस व फोरेल या दोघांनी १८८६ व १८८७ मध्ये सुचविले होते, परंतु प्रत्यक्ष दाखविता कोणास आले नव्हते.

या गुंत्यात शिरण्याची किल्ली इटलीत तयार झाली होती. कामिल्लो गॉल्जी या वैद्याने आबियातेग्रासो येथील दुर्धर रोग्यांच्या इस्पितळात, स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून, एक रंगविधी शोधला होता. मेंदूचा तुकडा प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात कठीण करावयाचा व मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावयाचा. यात एक नवल घडते. हजारो पेशींपैकी अगदी थोड्या, परंतु ज्या रंगतात त्या टोकापर्यंत काळ्या कुळकुळीत होतात व पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने रेखाटल्यासारख्या उठून दिसतात. सर्वच पेशी रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. १८७३ मध्ये गॉल्जींनी हा विधी मेंदूच्या करड्या द्रव्याच्या रचनेवरील निबंधात प्रसिद्ध केला. पेशीच्या आकृतीत जो गॉल्जी पिंड विद्यार्थी दाखवितात तो यांच्याच नावाचा. मात्र स्वतःच्या रंगविधीतूनही गॉल्जींना शेवटी जाळेच दिसले व त्या मतापासून ते कधी ढळले नाहीत.

हा विधी लहरी होता. कधी साधे, कधी न साधे, म्हणून फारसे कोणी त्याच्या वाटेस जात नसत. १८८७ मध्ये माद्रिदच्या लुइस सिमार्रो या मनोरोगतज्ज्ञांच्या घरी काहालांनी त्या पद्धतीचे नमुने पाहिले आणि त्यांच्या ध्यानी आले की आपणास हवे होते ते हेच. त्याच वर्षी बार्सेलोनाला बदली झाली व घरातच प्रयोगशाळा थाटून त्यांनी कामास जुंपून घेतले. बुद्धिबळाचे व्यसन लागले होते, ते वेळ खाते म्हणून सोडून दिले.

त्यांची खरी चतुराई येथे आहे, व ती समजण्यास पांढऱ्या द्रव्याकडे वळावे लागते. प्रत्येक चेतापेशीला आखूड फांद्यांसारख्या वृक्षिका असतात व एक लांब अक्षतंतू असतो. पेशींचे मुख्य भाग व वृक्षिका जेथे दाटीने असतात ते करडे द्रव्य. अक्षतंतूंच्या जुड्या जेथून दूरवर जातात ते पांढरे द्रव्य. पांढरेपणा येतो तो त्या तंतूंवर गुंडाळलेल्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणामुळे. या आवरणामुळे संदेश फार वेगाने जातो. जाड आवरणयुक्त तंतूत तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंतही धावतो, तर उघड्या बारीक तंतूत सेकंदाला जेमतेम एखादा मीटर. पण गॉल्जींचा चांदीचा रंग याच आवरणापाशी अडतो. प्रौढ मेंदूत तंतू आवरणात शिरला की रंग तुटे व तो पुढे कोठे गेला ते कळत नसे. काहालांनी विचार केला, पूर्ण वाढलेल्या अरण्यात वाट सापडत नसेल तर रोपे लहान असतानाच तेथे का जाऊ नये? त्यांनी अंड्यातील पक्ष्यांची पिल्ले व नुकतीच जन्मलेली जनावरे घेतली, ज्यांच्या तंतूंवर आवरण चढलेले नव्हते. रंगविण्याची क्रिया एकाऐवजी दोनदा केली. तंतू उगमापासून टोकापर्यंत दिसू लागले.

मनुष्यात हे आवरण चढण्याचे काम जन्मानंतरही बरीच वर्षे चालते, वयाची विशी उलटल्यावरही. हा अंक वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मेंदूतील पांढरे द्रव्य अजून पुरे झालेले नाही!

१८८८ साली त्यांनी पक्ष्याच्या लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात, जे पाहिले त्याने प्रश्न सुटला. तेथे पुर्किन्ये यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भव्य पेशी रांगेने असतात. त्यांच्या फांद्या भिंतीलगत वाढविलेल्या झाडासारख्या एकाच पातळीत पसरतात. दुसऱ्या काही पेशींचे तंतू त्यांच्याजवळ येतात व त्यांच्या बुंध्याभोवती टोपली विणल्यासारखे गुंडाळून तेथेच संपतात. आत शिरत नाहीत, मिसळत नाहीत. स्पर्श करून थांबतात. म्हणजे जाळे नाही. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे व शेजाऱ्याशी तिचा संबंध निकटतेचा आहे. डोळ्याचा पडदा, मेरुरज्जू, मोठ्या मेंदूचे आवरण, जेथे पाहावे तेथे हेच. १८९१ पर्यंत त्यांनी आणखी एक नियम मांडला. संदेश वृक्षिकांकडून येतो, पेशीच्या मुख्य भागातून जातो व अक्षतंतूने बाहेर पडतो. उलट सहसा जात नाही. त्यांच्या चित्रांतील लहान बाण हाच प्रवाह दाखवितात.

शोध लागला, परंतु तो ऐकणार कोण? स्पॅनिश भाषेत विज्ञानाचे काही नवे लिहिले जाते, अशी कल्पनाही त्या वेळी जर्मनी वा फ्रान्समधील विद्वानांना नव्हती. काहालांनी पदरमोड करून स्वतःचे त्रैमासिक काढले. मे १८८८ मधील पहिल्या अंकाच्या साठच प्रती निघाल्या व बहुतेक परदेशी पाठविल्या गेल्या. उत्तर जवळजवळ आले नाही. तेव्हा १८८९ च्या ऑक्टोबरात त्यांनी साठवलेले पैसे, सूक्ष्मदर्शक व निवडक काचपट्ट्या घेऊन बर्लिन गाठले. तेथे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांचे संमेलन होते. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत, हा अनोळखी स्पॅनिश गृहस्थ एकेकाला आपल्या सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन जाऊ लागला. भाषा तोकडी होती, काचपट्टी तोकडी नव्हती. बहात्तर वर्षांचे आल्बर्ट क्योलिकर हे त्या शास्त्राचे सर्वांत मान्यवर आचार्य. तेही जाळ्याच्या पक्षाचे. त्यांनी डोळा लावून पाहिले, आपल्या हॉटेलात काहालांना जेवावयास नेले, घरी जाऊन तेच प्रयोग स्वतः केले आणि आपले मत जाहीरपणे बदलले. काहालांचे लेख वाचता यावेत म्हणून त्या वयात ते स्पॅनिश शिकले. या वृद्ध गृहस्थाविषयी आम्हास काहालांच्या इतकाच आदर वाटतो. १८९१ मध्ये वाल्डायर यांनी या स्वतंत्र पेशीला न्यूरॉन हे नाव दिले व तेच रूढ झाले.

त्यानंतरचे मानसन्मान थोडक्यात सांगता येतील. १८९२ मध्ये माद्रिदचे अध्यापकपद, १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत व्याख्यान, १८९९ ते १९०४ या काळात मज्जासंस्थेवरचा प्रचंड ग्रंथ. सरकारने त्यांच्यासाठी प्रयोगशाळा स्थापन केली तेव्हा देऊ केलेला पगार जास्त आहे म्हणून त्यांनीच तो कमी करून घेतला. मंत्रिपदही नाकारले.

१९०६ चे वैद्यकातील नोबेल पारितोषिक गॉल्जी व काहाल यांना मिळून देण्यात आले. वैद्यकातील हे पारितोषिक प्रथमच दोघांत वाटले गेले, आणि दोघेही असे की ज्यांची मते एकमेकांच्या उलट. स्टॉकहोममध्ये गॉल्जींनी आपले सर्व भाषण न्यूरॉनच्या सिद्धान्तावर टीका करण्यात खर्ची घातले. दुसऱ्या दिवशी काहालांनी गॉल्जींच्या रंगविधीचा गौरव करून आपले निष्कर्ष मांडले. मनात राग होता, तो त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळा केला.

तथापि काहालांनाही हाच मोह पुढे चुकला नाही व ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. त्यांच्या प्रयोगशाळेतील पीओ देल रियो ओर्तेगा या तरुणाने १९१९ पासून चांदीच्या नव्या रंगविधीने चेतापेशींभोवतीच्या आधार देणाऱ्या पेशींचे दोन नवे प्रकार दाखविले. त्यांपैकी एका प्रकारच्या पेशी मेंदूतील तंतूंवर मायलिनचे आवरण गुंडाळतात. म्हणजे पांढऱ्या द्रव्याचा पांढरेपणा त्यांच्याच हातचा. गुरूच्या स्वतःच्या रंगात त्या पेशी नीट उमटत नसत, म्हणून गुरूने त्या मानण्यास काचकूच केली. व्यक्तिगत कुरबुरीही होत्या. १९२० मध्ये ओर्तेगांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे दोघांत पुन्हा आदराचे संबंध जुळले आणि ओर्तेगांचे म्हणणे खरे ठरले.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी काहाल निवर्तले. अखेरपर्यंत ते लिहीत व चित्रे काढीत होते. सकाळभर पाहावयाचे व दुपारी कागदावर उतरावयाचे, असा त्यांचा बराच काळचा परिपाठ असे. त्यांची चित्रे व कागदपत्रे २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत घेण्यात आली. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, असे आजची मोजणी सांगते. त्यांचे वर्णन करताना आजही पुस्तकांत त्यांचीच रेखाटने छापतात.

पेशी मिसळत नाहीत, हे त्यांनी ओळखले. पण दोन पेशींमधली फट त्यांच्या सूक्ष्मदर्शकात दिसण्यासारखी नव्हती. ती १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसली. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी ती अरुंद असते. गॉल्जी १९२६ मध्येच वारले होते. दोघांपैकी कोणासही ती पाहावयास मिळाली नाही. पुढे काही थोड्या ठिकाणी दोन पेशी अतिसूक्ष्म नलिकांनी एकमेकींस प्रत्यक्ष जोडलेल्याही आढळल्या. ते पाहून पाव्हियाचे म्हातारे प्राध्यापक बहुधा खूश झाले असते.